वाढत्या ऑफिसला कोणतं फर्निचर?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील सभासदांच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधीच्या वक्त्यांनी मासेमारी, आयुर्वेद आणि कोकण रेल्वे असे भारदस्त विषय घेतले. माझा विषय टेबल-खुर्चीचा. सेक्रेटरींनी विषय विचारला तेव्हा मी 'फर्निचर' म्हटलं, तर ते म्हणाले, "ताई, त्यावर पाऊण तास काय बोलणार?" तरीही त्यांनी वेळ दिला, त्याबद्दल आभार.

आमच्या कंपनीबद्दल तुम्हाला माहीत आहेच, कारण तिचा जन्म आपल्याच 'बी' विंगमधला. मुंबई, पुणे आणि गोव्याच्या आर्किटेक्ट-कंत्राटदारांसाठी आम्ही बांधकामाचे नकाशे आणि अंदाजपत्रकं तयार करतो. आमच्या बेडरूममध्ये आम्ही दोघं भागीदार आणि एक मुलगी अशी सुरुवात झाली. मग बाजारात एक गाळा भाड्याने घेतला. आता आम्ही चौदा जण आहोत आणि दोन-तीन वर्षांत बावीसपर्यंत जाऊ असा अंदाज आहे. त्यासाठी कुंभारमाठच्या बाजूला बाराशे चौरस फुटांचा एक हॉल पाच वर्षांच्या कराराने घेतला. तो रिकामा हॉल कशाने भरायचा, हे ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं.

पहिलं कोटेशन आलं ते बावीस जणांच्या पूर्ण 'इंटिरियर'चं. भिंतीला पक्की बसवलेली टेबलं, काचेची केबिन, फॉल्स सीलिंग, सगळं अगदी झकास. आकडा बघितला आणि मी हिशेब केला. आमच्याकडे मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा झालेल्या मुली काम करतात. त्यातल्या एकीच्या जवळजवळ तीन वर्षांच्या पगाराएवढा तो आकडा होता. आणि ते सगळं भिंतीला आणि जमिनीला ठोकलेलं. पाच वर्षांनी करार संपला की ते घरमालकाचं. म्हणजे प्रश्न फर्निचरचा राहिलाच नाही. इथल्या दोन मुलींना इथेच काम द्यायचं की त्यांना पुण्याची गाडी पकडायला लावायची, असा तो प्रश्न होता.

माझ्या भागीदारांचं म्हणणंही खोटं नव्हतं. मुंबईचा ग्राहक ऑफिस बघायला आला तर त्याला विश्वास वाटला पाहिजे. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून बसलो तर तो काम देताना दहा वेळा विचार करील. तेव्हा स्वस्त आणि महाग असा आमचा वाद नव्हताच. ठोकलेलं की हलतं, एवढाच वाद होता.

हलतं फर्निचर ही आपल्याला नवी गोष्ट नाही. आपल्या जुन्या पेढ्यांवर काय असायचं? गादी, तक्क्या आणि मांडीपुढे उतरतं लाकडी डेस्क. माणूस वाढला की एक गादी वाढवायची, संध्याकाळी सगळं गुंडाळून ठेवायचं. मुंबईच्या इराणी हॉटेलातली गोल बैठकीची, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची तुमच्यापैकी कित्येकांनी वापरली असेल. तिची मूळ जात व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीची, १८५९ सालातली. ती खुर्ची सहा लाकडी तुकड्यांची आणि थोड्या स्क्रूंची होती. सुटी करून भरली तर एक घनमीटरच्या पेटीत छत्तीस खुर्च्या मावत. म्हणून ती जहाजातून जगभर गेली. सुटं होणारं, पुन्हा जोडता येणारं फर्निचर म्हणजे कमी दर्जाचं, हा समज त्या खुर्चीने तेव्हाच खोडून काढला आहे.

आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलपांपासून सुरुवात केली आणि १९२३ मध्ये त्यांचं स्टीलचं कपाट आलं, स्टोअरवेल. त्या कपाटाचा मोठा गुण काय, तर ते भिंतीचा भाग नाही. माणूस चाळीतून फ्लॅटमध्ये गेला, बदली होऊन रत्नागिरीहून ओरोसला आला, तरी कपाट बरोबर आलं. आपल्या सोसायटीत किती घरांत असं दोन-तीन बिऱ्हाडं बघितलेलं कपाट आहे, ते हात वर करून सांगा. (बरेच हात वर.) बघा.

तिसरी गोष्ट अमेरिकेतली, आणि ती जरा सावध करणारी आहे. हर्मन मिलर नावाच्या कंपनीत रॉबर्ट प्रॉप्स्ट म्हणून एक संशोधक होते. ऑफिसात लोक रांगेने एकाच प्रकारच्या टेबलावर बसतात, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांनी १९६४ मध्ये आणि मग सुधारून १९६८ मध्ये 'अ‍ॅक्शन ऑफिस' आणलं. हलकी पार्टिशनं, हवी तशी जोडता येणारी, १२० अंशांच्या मोकळ्या कोनात मांडायची. हेतू हा की माणसाला आडोसाही मिळावा आणि मोकळेपणही. कंपन्यांनी काय केलं? तीच पार्टिशनं काटकोनात लावली, कारण तशी जास्त माणसं बसतात. त्यातून ते प्रसिद्ध खुराडं तयार झालं, ज्याला क्युबिकल म्हणतात. उतारवयात प्रॉप्स्टना स्वतःलाच ते बघवत नव्हतं. मी यातून एवढंच घेतलं की फर्निचर लवचिक असून भागत नाही. ते कशासाठी हलवायचं हे आधी ठरलं पाहिजे. नाहीतर लवचिकपणाचा उपयोग फक्त माणसं कोंबायला होतो.

आता आम्ही प्रत्यक्षात काय केलं ते सांगते.

कॅटलॉग उघडण्याआधी दोन आठवडे आम्ही एक वही ठेवली. कोण, किती वेळ, कोणत्या प्रकारचं काम करतो याची. त्यातून मजेशीर गोष्टी कळल्या. जुन्या गाळ्यात मधोमध मीटिंगचं मोठं टेबल होतं. ते दिवसातला बहुतेक वेळ रिकामं, आणि त्यावर डबे. मोठे नकाशे पसरून तपासायला मात्र जागा नव्हती, ते जमिनीवर पसरायचे. फोनवर सर्वांत जास्त बोलणारी दोन माणसं नेमकी अंदाजपत्रक करणाऱ्या मुलींच्या शेजारी बसलेली. म्हणजे नव्या जागेत आधी काय हवं? नकाशे पसरायला टेबल, फोनवाल्यांना वेगळा कोपरा, आणि मीटिंगचं टेबल असं की जे एरवी दुसऱ्या कामाला येईल.

मग रिकाम्या हॉलमध्ये आम्ही वर्तमानपत्रं पसरली. एका टेबलाच्या मापाची एक घडी, म्हणजे १२०० बाय ६०० मिलिमीटर, चार फूट बाय दोन फूट. खुर्ची मागे सरकवून माणूस उठतो त्याला तीन फूट धरले, येण्या-जाण्याच्या वाटेला तीन फूट. कागद इकडून तिकडे सरकवायला पैसे पडत नाहीत. बावीस घड्या बसल्या, पण दाटीवाटीने. अठरा नीट बसल्या. तेव्हाच ठरलं की बावीस माणसं झाली तरी सगळी एकाच वेळी टेबलावर नसतील, साइटवर दोन-चार असतातच, पण आडोसा आणि वाट यांत कपात करायची नाही.

त्यानंतर एका कागदावर मधे रेघ मारली. डावीकडे 'न हलणारं', उजवीकडे 'हलणारं'.

न हलणाऱ्यात विजेचं काम सर्वांत वर. प्लग पॉइंट, अर्थिंग, इंटरनेटच्या वायरी आणि इन्व्हर्टर-बॅटऱ्यांची जागा. मे २०२१ च्या तौक्ते वादळात या किनाऱ्यावर कित्येक दिवस वीज नव्हती, ते आपण सगळ्यांनी सोसलं आहे. बॅटरी जड असते, तिला हवा खेळती लागते, ती रोज हलवायची वस्तू नव्हे. पॉइंट आम्ही भिंतीलगत दर चार फुटांवर घेतले, टेबलाच्या मापाने. म्हणजे टेबल कसंही लावलं तरी वायर पायात येत नाही. मधल्या भागासाठी जमिनीतून दोन ठिकाणी वायर काढली. लोक टेबलावर पैसे घालतात आणि पॉइंटवर वाचवतात. मग हलणारी टेबलं वायरीच्या दाव्याला बांधलेली राहतात, गोठ्यातल्या गुरासारखी.

न हलणाऱ्यात दुसरी गोष्ट उजेड. खिडकी आपण हलवू शकत नाही, म्हणून टेबलं खिडकीला काटकोनात, उजेड बाजूने येईल अशी. पडद्यावर तिरीप नको आणि डोळ्यांतही नको.

हलणाऱ्यात सगळी कामाची टेबलं एकाच मापाची. साहेबांचं मोठं आणि मुलींचं लहान असा प्रकार नाही, माझंही तेच. दोन समोरासमोर लावली की चार फूट बाय चार फूट, नकाशा पसरायला मोकळं. चार जोडली की मीटिंग. पाय नट-बोल्टवर, म्हणजे वरची फळी खराब झाली तर फळीच बदलायची. टेबलाला खण नाहीत. प्रत्येकाला चाकावरचं तीन खणांचं छोटं कपाट, कुलपासकट. आडोशाला चाकावरचे दोन फळे, एका बाजूला लिहायला आणि दुसऱ्या बाजूला टाचण्या लावायला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मोठ्या शहरांत हल्ली कोणीही कुठेही बसावं अशी पद्धत काही कंपन्यांत आहे. कुणाला स्वतःचं टेबल नाही, सकाळी येईल त्याला मिळेल ती जागा. जागा वाचते, हे खरं. मी ती कल्पना मांडली तेव्हा आमच्या हिशेब बघणाऱ्या ताई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, देवाचा फोटो रोज कुठे लावू?" सगळे हसले, पण त्यांचा मुद्दा पक्का होता. माणसाला आपली म्हणून एक जागा लागते. तेव्हा आम्ही असं ठरवलं की खुर्ची आणि खणांचं कपाट ज्याचं त्याचं. टेबलाची मांडणी कामाप्रमाणे बदलेल, पण न विचारता कुणाची जागा बदलायची नाही. मांडणी बदलायची ती नवीन मोठं काम आलं की, आदल्या संध्याकाळी, सगळ्यांनी मिळून.

आता खुर्ची. सगळं लवचिक असू शकतं, पण माणसाची पाठ आपण बदलू शकत नाही. आठ तास बसणाऱ्याच्या खुर्चीत काटकसर केली की ते पैसे पुढे डॉक्टरकडे जातात. आम्ही तीन नमुने मागवून घेतले आणि प्रत्येकाला एकेक दिवस बसायला दिले. बघायचं काय? पाच पायांचा तळ, म्हणजे कलंडत नाही. बैठकीची उंची कमी-जास्त होते का. कमरेला टेकू मिळतो का. हात टेकवायची जागा टेबलाखाली जाते का, नाहीतर माणूस टेबलापासून लांब बसतो आणि पुढे वाकतो. पाठीला जाळीचं कापड आपल्या घामाच्या हवेत बरं पडतं.

आणि एक बारीक गोष्ट, जी कॅटलॉगमध्ये दिसत नाही. बाजारातली टेबलं साधारण साडेसातशे मिलिमीटर उंचीची असतात. आमच्या निम्म्या मुली पाच फुटांच्या आतबाहेर. हात टेबलाला नीट यावेत म्हणून खुर्ची वर केली की पाय लोंबकळतात. पाय लोंबकळले की मांडीखाली दाब येतो, मुंग्या येतात. उपाय अगदी साधा, पायाखाली तिरपा पाट. आमच्या मेस्त्रींनी उरलेल्या प्लायमधून नऊ पाट करून दिले. संपूर्ण ऑफिसातली सर्वांत स्वस्त वस्तू तीच, आणि तिच्याबद्दलच सर्वांत जास्त आभार मिळाले.

मेस्त्रींचं नाव निघालं म्हणून आपल्या हवेबद्दल बोलते, कारण मुंबई-पुण्याचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि उरलेलं वर्ष खारा वारा. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी. दिसायला सुंदर, वर सनमायका. पण कडेने एकदा पाणी शिरलं की ती बिस्किटासारखी फुगते आणि स्क्रू धरत नाही. सुटं करून पुन्हा जोडायचं असेल तर स्क्रू धरणं हीच मुख्य गोष्ट. मी एक देखणा नमुना मेस्त्रींना दाखवला. त्यांनी नखाने कड खरवडली आणि म्हणाले, "बाय, ह्यां पावसात फुगतलां. मगे खण भायर येवचो नाय." विषय संपला.

म्हणून आम्ही फळ्या प्लायच्या घेतल्या. प्लायवर शिक्का बघायचा. आयएस ३०३ हा साधारण घर-ऑफिसच्या प्लायचा, आणि आयएस ७१० हा पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा. सगळीकडे मरीन लागत नाही. चहाचा ओटा, बेसिनजवळची फळी, खिडकीखालचं कपाट एवढ्याला तो, बाकी ३०३ मधला चांगल्या प्रतीचा. पण सगळ्या कडा, खालची बाजूसुद्धा, बंद करून घ्यायच्या. दुकानदार वरून चकचकीत करतो आणि खालून उघडं ठेवतो. टेबलाखाली वाकून बघायला लाजू नका.

लोखंडी पायांना पावडर कोटिंग असतं. ते चांगलं, पण चरा पडला की तिथून गंज सुरू होतो, म्हणून पायाखाली रबरी बूच हवं आणि हलवताना ओढायचं नाही, उचलायचं. स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ आणि ३१६ असे प्रकार येतात. समुद्राच्या वाऱ्याला ३१६ जास्त टिकतं, पण महाग. आम्ही ते फक्त खिडकीबाहेरच्या बिजागऱ्यांना घेतलं. चाकांत आपल्याकडे वाळू जाते, त्यामुळे ती काढून साफ करता येतील अशी घ्यावीत, आणि निदान दोन चाकांना ब्रेक हवा. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवायचं. मागे हवा गेली की बुरशी धरत नाही आणि वाळवी आली तर दिसते. इथे हलतं फर्निचर पुन्हा उपयोगी पडतं. जे हलवता येतं त्याच्या मागे झाडू जातो.

आता कुठून घ्यायचं. आम्ही सरळ वाटणी केली. खुर्च्या कंपनीच्या, कारण गॅसवर वर-खाली होणारी यंत्रणा घरी बनत नाही. टेबलाच्या फळ्या, पाट, शेल्फ इथल्या मेस्त्रींकडून. लोखंडी पाय कुडाळच्या फॅब्रिकेटरकडून. खुर्च्या घेताना विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारल्या. हेच मॉडेल दोन वर्षांनी मिळेल का? चाक किंवा गॅसची नळी सुटी मिळते का? बिघडली तर मालवणला माणूस येणार की खुर्ची मुंबईला पाठवायची? एका ठिकाणी तिसऱ्या प्रश्नाला उत्तरच मिळालं नाही. तिथून घेतलं नाही. वाढत्या कंपनीला आज चौदा खुर्च्या लागतात आणि उद्या चार. चार वेगळ्याच रंगारूपाच्या आल्या तर काही बिघडत नाही, पण सुटा भाग मिळाला नाही तर चांगली खुर्ची भंगारात जाते.

खरेदी दोन टप्प्यांत. आधी सोळा टेबलं, म्हणजे चौदा माणसं आणि दोन मोकळी. पुढची माणसं आल्यावर. ग्राहकासाठी दाराजवळचा कोपरा मात्र मन लावून केला. मेस्त्रींकडून फणसाच्या लाकडाचं बाक आणि सावंतवाडीच्या चितारी कारागिरांच्या लाखकामाच्या दोन वस्तू. भागीदारांची हौसही राहिली. मुंबईहून आलेले पाहुणे त्या बाकावर बसतात आणि पहिला प्रश्न त्याचाच विचारतात. एकूण खर्च पहिल्या कोटेशनच्या निम्म्याच्या आत बसला. गेल्या जूनमध्ये दोन मुली नव्याने घेतल्या, एक देवबागची आणि एक आचऱ्याची. दोघी रोज घरून येतात.

या पद्धतीला त्रास नाहीत असं नाही. मोकळ्या हॉलमध्ये आवाज घुमतो. फळ्यांच्या आडोशाने थोडा कमी होतो, पण भिंतीइतका नाही. खाजगी बोलायचं असेल तर आम्ही गच्चीवर जातो, आणि पावसात पंचाईत होते. तेव्हा ज्यांच्याकडे दिवसभर गोपनीय बोलणी चालतात, वकील किंवा डॉक्टर, त्यांनी एक पक्की खोली करूनच घ्यावी. शिवाय हलतं फर्निचर आपोआप हलत नाही. कुणीतरी एक माणूस जबाबदार लागतो, स्क्रू आवळणारा. आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो कार्यक्रम असतो, पान्यासकट.

शेवटी आपल्या सोसायटीबद्दल दोन शब्द, कारण पुढच्या सर्वसाधारण सभेत हॉलच्या नूतनीकरणाचा विषय आहे. या हॉलमध्ये गणपती बसतो, वार्षिक सभा होते, बारसं होतं, परीक्षेच्या दिवसांत मुलं अभ्यासाला येतात. आणि आता पुण्या-मुंबईची नोकरी घरून करणारी आपली पाच-सहा मुलं आहेत, ज्यांना दुपारी घरात शांत कोपरा मिळत नाही. माझी विनंती एवढीच की हॉलमध्ये काहीही ठोकून बसवण्याआधी असाच कागदावर रेघ मारून विचार करावा. भिंतीलगत भरपूर प्लग, चांगले दिवे आणि पंखे हे पक्कं. घडीची आठ टेबलं, एकावर एक रचता येणाऱ्या खुर्च्या आणि त्या ठेवायला चाकांची गाडी हे हलतं. सकाळी ऑफिस, संध्याकाळी अभ्यासिका, भाद्रपदात मंडप. आपली मुलं गावात राहून काम करू शकली तर पुढच्या पंचवीस वर्षांत या इमारतीत दिवे लागलेले दिसतील. एरवी फक्त मे महिन्यात आणि गणपतीत लागतील.

टेबलाची मापं, प्लायची यादी आणि मेस्त्रींना दिलेला नकाशा मी सोसायटीच्या ऑफिसात ठेवला आहे. ज्याला हवा त्याने झेरॉक्स काढून न्यावी. घरच्या अभ्यासाच्या टेबलालाही तो चालेल, आणि पायाखालचा पाट मात्र विसरू नका.

आपण शांतपणे ऐकलंत. बालगोपाळांनी तर फारच शांतपणे, त्यातले दोघं झोपलेही आहेत.